जुन्या विटांच्या भिंतीत केमिकल अँकर: ठेकेदाराची एक पुल-आउट टेस्ट पुरेशी आहे का?

तुमची अमळनेरची दुमजली इमारत जुनी, भिंती विटा-चुन्याच्या. भूकंपासाठी मजले आणि छप्पर भिंतींना केमिकल अँकरने, म्हणजे भोकात रेझिन (घट्ट होणारं चिकटद्रव) भरून बसवलेल्या लोखंडी रॉडने बांधायचंय. ठेकेदाराने तळमजल्यावर एक रॉड ओढून दाखवला आणि 'दोन टन घेतले' म्हणाला. काम सुरू करू द्यायचं का, असं तुम्ही विचारलंय.

इतक्यात नको. धुळे-जळगावकडे मी हेच टेस्टिंग करतो. आकडा ऐकण्याआधी मी विचारतो, रॉड ओढला कुठे? तळमजल्यावर वरच्या भिंतीचं सगळं वजन विटांवर असतं, सांधे घट्ट दाबलेले असतात. भूकंपात भिंत बाहेर कलंडते ती वरून, छपरालगत. तिथे विटांवर ओझं नसतं, चुनाही पावसाने खाल्लेला. खरी टेस्ट तिथे. पण त्यासाठी परांची बांधावी लागते, म्हणून सगळे खालीच उरकतात.

रॉड ओढणाऱ्या जॅकचे पायही बघा. ते रॉडला चिकटून असले तर ज्या विटा उखडायला हव्यात त्याच दाबून धरतात, मग परीक्षा नुसत्या रेझिनची होते. पाय लांब टेकवणारी फ्रेम मागा.

रॉड निघाल्यावर तो हातात घ्या. 12 मिमीचा 5.8 ग्रेडचा रॉड 33 किलोन्यूटनला, म्हणजे 3.4 टनांच्या आसपास कायमचा ताणला जाऊ लागतो. मऊ विटेच्या भिंतीत त्याआधीच दुसरं काहीतरी सुटतं. अख्खी वीट आली तर सांधा कच्चा. विटेचा शंकू तुटून आला तर वीट कच्ची. रेझिनवर नुसती लाल भुकटी दिसली तर भोक साफ केलेलं नाही, आणि हा दोष सरळ ठेकेदाराचा. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं, मग हवा, ब्रश, पुन्हा हवा. मे महिन्यात आपल्याकडे पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापते आणि रेझिन नोझलमध्येच घट्ट होतं, म्हणून भरायचं काम सकाळी.

चांगला आकडासुद्धा जसाच्या तसा डिझाइनमध्ये धरता येत नाही. जॅक हळूहळू एकाच दिशेला ओढतो. भूकंप भिंतीला आलटून पालटून हलवतो, सांधे फुटतात, पकड ढिली होते. आणि धोका इथेही आहे: आयएस 1893:2016 या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या नकाशात खानदेश भूकंप झोन 3 मध्ये आहे, आणि 1938 साली सातपुड्यात 6 मॅग्निट्यूडच्या वरचा धक्का बसलेला आहे.

एखादी भिंत आतून मातीत रचलेली निघाली, जुन्या धाब्याच्या घरांसारखी, तर तिथे रेझिनचा नाद सोडा. आरपार बोल्ट घालून बाहेरून लोखंडी प्लेट लावायला सांगा.