फ्रेंच अकादमीचा नाट्यपुरस्कार एका नाटकासाठी मिळतो की समग्र नाट्यलेखनासाठी?

'ग्रां प्री द्यु तेआत्र' हा फ्रेंच अकादमीचा, म्हणजे फ्रेंच भाषा आणि साहित्याशी संबंधित फ्रान्समधील मान्यवर संस्थेचा पुरस्कार एखाद्या नाटकासाठी नव्हे, तर नाटककाराच्या एकूण नाट्यलेखनासाठी दिला जातो. अकादमी स्वतः त्याचे वर्णन तसेच करते, आणि 1980 साली तो पहिल्यांदा झाँ आनुई यांना मिळाला, तेव्हा त्यांच्यामागे चार दशकांहून अधिक काळाचे लेखन होते, यावरूनही हे लक्षात येते. यास्मिना रेझा यांचे उदाहरण फरक अधिक स्पष्ट करते: एका पांढऱ्या चित्रावरून तीन मित्रांमध्ये पेटलेला वाद मांडणारे त्यांचे 'आर्ट' हे नाटक 1994 मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर आले आणि पुढच्याच वर्षी त्या नाटकासाठी त्यांना मोलिएर हा फ्रान्समधील रंगभूमीचा पुरस्कार मिळाला, अकादमीचा सन्मान मात्र 2000 साली, त्यांची आणखी नाटके आल्यानंतर लाभला. मार्गेरित द्युरास यांना तो 1983 मध्ये, म्हणजे त्यांच्या कादंबरीला गाँकूर हा फ्रान्समधील प्रतिष्ठित साहित्य पुरस्कार मिळण्याच्या एक वर्ष आधी मिळाला, आणि कादंबरीकार म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या या लेखिकेची नाटके वाचायला हवीत, असे मला मनापासून वाटते. अकादमीचा हा पुरस्कार फ्रान्समध्ये जन्मलेल्यांपुरताही मर्यादित नाही. 2009 चे मानकरी वाज्दी मुआवाद लेबनॉनमध्ये जन्मलेले आणि कॅनडातील फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात घडलेले आहेत. एक खुलासा आवश्यक आहे: 2005 पासून दिला जाणारा 'ग्रां प्री द लितेरात्युर द्रामातिक' हा नावाने जवळचा वाटला, तरी वेगळा पुरस्कार आहे, आणि तो फ्रेंचमध्ये प्रकाशित झालेल्या एका विशिष्ट नाट्यसंहितेसाठी असतो.