मेरीचे तीन बाबा आणि एक लग्न

प्रश्न : ‘थ्री मेन अँड अ बेबी’ पाहून आम्ही घरचे सगळे पोट धरून हसलो होतो. त्याचा १९९० मधील उत्तरार्ध ‘थ्री मेन अँड अ लिटल लेडी’ मात्र फिका वाटला. तीन मित्रांनी मिळून मूल वाढवण्याची इतकी गमतीदार कल्पना शेवटी लग्नातच का नेऊन बसवली असावी?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. पहिल्या चित्रपटात (१९८७) न्यूयॉर्कमधील तीन ब्रह्मचाऱ्यांच्या दाराशी तान्ही मेरी येऊन पडते, आणि मोठमोठ्या इमारतींचे आराखडे काढणाऱ्या पीटरला साधे डायपर नीट लावता येत नाही, यातच सारा विनोद होता. (आपल्याकडे ‘बाळाचे बाप ब्रह्मचारी’मध्ये अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी याच जातीची धमाल उडवली.) दूध आणि झोप वेळेवर मिळाली की घरात बाप एक आहे की तीन, याच्याशी तान्ह्या पोरीला काहीच देणेघेणे नसते.

उत्तरार्धात मेरी पाच वर्षांची आहे, आई सिल्व्हियाही त्याच घरात राहते आहे. तिघे बाबा मेरीला झोपवण्यासाठी चक्क रॅप म्हणतात, एकाची ओळ दुसरा उचलतो आणि तिला त्यात काही वावगे वाटत नाही. वावगे वाटते ते मोठ्यांनाच. येथे चित्रपटाच्या हाती खरा ऐवज होता. पण सिल्व्हिया इंग्रज दिग्दर्शक एडवर्डशी लग्न ठरवून इंग्लंडला निघते, तो मेरीला बोर्डिंगच्या शाळेत धाडू पाहतो, आणि पुढे वेषांतरे व धावपळ. एडवर्ड भला माणूस असता तर लेखकांची पंचाईत झाली असती, म्हणून त्याला सरळ खलनायकच करून टाकले आहे.

शेवटी सिल्व्हिया पीटरची होते. दुसरा मित्र जॅक तर मेरीचा जन्मदाताच. पण तिसऱ्याचे, मायकेलचे काय? त्याचे ना रक्ताचे नाते, ना लग्नाचे, आणि तरीही पाच वर्षे त्याने तिला तितक्याच मायेने वाढवलेले असते. चित्रपट हा प्रश्न हसत हसत टाळतो, आणि आपल्याला जाणवलेला फिकेपणा मला वाटते तेथलाच आहे.

ज्या फ्रेंच चित्रपटावरून (१९८५) हे सारे उचलले, त्याच्या दिग्दर्शिका कोलीन सेरो यांनीही २००३ मध्ये स्वतःचा उत्तरार्ध काढला. त्यात मुलगी अठरा वर्षांची आहे. मिळाल्यास पाहावा.