एमकॅटची घाई, राहिलेले विषय आणि हातची नोकरी

आपल्या पत्रातली परिस्थिती थोडक्यात अशी आहे. अमेरिकेत नोकरी सांभाळून आपण वैद्यकीय प्रवेशासाठी लागणारे विज्ञानाचे विषय एकेक करून पुरे करत आहात. वय २९, संसाराचा भार एकटीवर, बचत २४,००० डॉलर, हातात येणारा पगार महिन्याला ३,९०० डॉलर आणि खर्च २,६०० डॉलर. जीवरसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राचे दुसरे सत्र अजून व्हायचे आहे. तरीही जानेवारीत राजीनामा देऊन, ३,००० डॉलरचा क्लास लावून एप्रिल २०२६ मध्ये एमकॅट, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयांची प्रवेशपरीक्षा, द्यावी असा आपला विचार आहे, कारण सरकारी शैक्षणिक कर्जाचे नियम बदलत असून उशीर केला तर आपण त्यांत सापडू, अशी आपल्याला भीती वाटते.

राजीनामा देऊ नये आणि जीवरसायनशास्त्र शिकून झाल्याशिवाय परीक्षेला बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी कर्जाच्या भीतीविषयी, कारण सगळी घाई तिच्यातूनच आलेली दिसते. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्यानुसार, नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस ही पदवीनंतरच्या शिक्षणासाठीची सरकारी कर्जयोजना १ जुलै २०२६ पासून बंद होत आहे, आणि वैद्यकीय शिक्षणासारख्या व्यावसायिक पदवीसाठी केंद्र सरकारचे कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच मिळणार आहे. आता तारखा जुळवून पाहा. एप्रिल २०२६ मध्ये परीक्षा दिली तर अर्ज त्या वर्षीच्या उन्हाळ्यात जाईल आणि प्रत्यक्ष प्रवेश २०२७ मध्ये होईल. म्हणजे आपण कितीही धावलात तरी नवीनच नियम लागू होणार आहेत, आणि २०२८ मध्ये प्रवेश घेतलात तरी तेच. या मर्यादेपलीकडचा खर्च बहुधा खासगी कर्जातून भागवावा लागेल, आणि ते देणारे आपली पत, मागची परतफेड आणि गरज पडल्यास जामीनदार पाहतात. त्यामुळे येत्या दोन वर्षांत बचत आणि पत शाबूत राखणे आपल्याला अधिक उपयोगी पडेल.

आता राहिलेल्या विषयांविषयी. दोन्ही विषय अपुरे असले तरी परीक्षेत त्यांचे वजन सारखे नाही. एमकॅटमध्ये चार विभाग आणि २३० प्रश्न असतात. जीवरसायनशास्त्राच्या पहिल्या सत्राला जीवशास्त्राच्या विभागात सुमारे २५ टक्के आणि रसायन-भौतिकाच्या विभागातही सुमारे २५ टक्के वाटा आहे, म्हणजे प्रत्येकी ५९ प्रश्नांच्या त्या दोन विभागांत मिळून जवळपास ३० प्रश्न होतात. शिवाय एंझाइम, अमिनो आम्ले आणि चयापचय यांची जाण नसेल तर प्रश्नांसाठी दिलेल्या इतर उताऱ्यांचा अर्थ लावतानाही वेळ जातो. भौतिकशास्त्राचा वाटा मात्र एकाच विभागात सुमारे २५ टक्के आहे, आणि त्यातले पहिले सत्र आपण शिकलेल्या आहात. राहिलेला भाग पुस्तकावरून, प्रश्न सोडवत, घरी तयार करता येईल. परीक्षेपुरते बोलायचे तर ते सत्र मागे राहिले तरी मला चिंता वाटणार नाही; प्रवेशासाठी ते नंतर पुरे करता येते. जीवरसायनशास्त्राची उणीव मात्र तीन महिन्यांच्या क्लासने भरून निघणे कठीण आहे, कारण असे क्लास शिकलेल्याची उजळणी करून घेण्यासाठी आखलेले असतात.

पैशांचा हिशेब केला तर क्लासची फी हा त्यातला लहान आकडा ठरतो. नोकरी सोडून चार महिने काढायचे तर १०,४०० डॉलर घरखर्चाला आणि ३,००० क्लासला जातील आणि बचत १०,६०० वर येईल. त्याच चार महिन्यांत नोकरी असती तर ५,२०० डॉलरची भर पडली असती, ती वेगळीच. नोकरीबरोबर आरोग्यविमाही जाईल. कोब्रा, म्हणजे नोकरी सुटल्यावरही कंपनीचा विमा ठेवू देणारा कायदा, याखाली तो १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्क्यांपर्यंत व्यवस्थापन खर्च आपल्याला भरावा लागेल. त्यानंतर २० महाविद्यालयांचे प्राथमिक अर्जच १,००० डॉलरच्या वर जातात आणि महाविद्यालये नंतर मागवतात त्या दुय्यम अर्जांचे शुल्क निराळे. इतके करून गुण कमी पडले तर वर्ष गेलेच, शिवाय ते गुण नोंदीत राहतात. ही परीक्षा एका वर्षात तीनदा, सलग दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते, आणि परीक्षागृहात बसून गुण रद्द करून घेतले तरी तो प्रयत्न मोजला जातो.

याउलट विद्यापीठात घेतलेल्या विषयाच्या शुल्काला करात सवलत आहे. लाइफटाइम लर्निंग क्रेडिट या करसवलतीखाली १०,००० डॉलरपर्यंतच्या शुल्काच्या २० टक्के इतकी रक्कम थेट करातून वजा होते, आणि आपले उत्पन्न ८०,००० डॉलरच्या आत असल्याने ती पूर्ण मिळावी. २,४०० डॉलरच्या विषयावर ४८० डॉलर परत येतात. खासगी क्लासच्या फीवर काहीच नाही. आपल्या कंपनीत शिक्षणसाहाय्याची योजना आहे का, हेही विचारावे. अशी मदत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असते, मात्र कंपनीने भरलेल्या रकमेवर पुन्हा हे क्रेडिट घेता येत नाही, आणि नोकरी सोडल्यास मदत परत करण्याची अट काही ठिकाणी असते, ती आधी वाचावी.

वर्ष लांबण्याला किंमत नाही, असे मी म्हणणार नाही. डॉक्टर म्हणून कमाईचे एक वर्ष कमी होईल, आणि २९ व्या वर्षी ते मनाला लागते हे मला कळते. पण ते वर्ष वाचते ते पहिल्याच प्रयत्नात प्रवेश मिळाला तरच, आणि मुख्य विषय न शिकता ती शक्यता मला कमी दिसते. २०२६ च्या उन्हाळी किंवा शरद सत्रात जीवरसायनशास्त्र घ्यावे, नोकरी चालू ठेवावी, आणि जानेवारी २०२७ मध्ये परीक्षा द्यावी. तयारीच्या शेवटच्या टप्प्यात कंपनीकडून काही आठवड्यांची बिनपगारी रजा मिळाली तर तेवढा खर्च बचतीला झेपेल. क्लासचे पैसे आताच भरू नयेत. विषय संपल्यावर परीक्षा घेणाऱ्या संस्थेचीच एक विनामूल्य सराव परीक्षा पूर्ण वेळ लावून द्यावी आणि उणीव कुठे आहे ते पाहून मगच क्लासचे ठरवावे. त्याच संस्थेची शुल्कसवलत योजना आहे. तिचा अर्ज परीक्षेची नोंदणी करण्यापूर्वी करावा, कारण एकदा भरलेले शुल्क त्या सवलतीखाली परत मिळत नाही.