‘पाणी देणे’ म्हणजे धार लावणे का?

खानापूरकडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. घरामागच्या शेडमध्ये ते हौसेनं ट्रकच्या स्प्रिंग पाट्यापासून सुऱ्या बनवतात. गावचा लोहार त्यांना सांगतो, ‘आधी पाणी दे, मग धार लाव.’ घरातली वडीलधारी मात्र बोथट विळा हातात देऊन ‘जरा पाणी देऊन आण’ म्हणतात. मग दोन्ही एकच का? आणि पाजवणे, पाजळणे, परजणे यांचं काय?

लोहाराचा शब्द प्रमाण माना. पाणी देण्याचं काम भट्टीपाशी होतं, धारेचं दगडावर. पातं लालबुंद तापवून एकदम विझवायचं आणि पोलाद कडक करायचं, हे पाणी देणं. लोखंडाचं चुंबकत्व 770 अंश सेल्सियसच्या सुमारास जातं, म्हणून लोहचुंबक चिकटेनासा झाला की आणखी थोडं तापवून पातं बुडवतात. निवल्यावर कानस फिरवून पाहा. काचेवरून जावी तशी ती नुसती सरकली, तर पाणी बसलं.

पाट्याच्या पोलादाला साध्या पाण्यात तडा जाऊ शकतो, म्हणून तुम्ही तेल वापरत असाल. तरीही ‘तेलात पाणी दिलं’ असं खुशाल म्हणा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, 8व्या अध्यायात, शस्त्रांची ‘पायना’ तीन प्रकारची सांगितली आहे: क्षारात, पाण्यात आणि तेलात. पायना म्हणजे पाजणं. धारेची सोय तिथेच, पण वेगळी सांगितली आहे: घासायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि धार राखायला सावरीच्या लाकडाची फळी. आपल्या लोहाराच्या तोंडचा भेद इतका जुना आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

पण घरची माणसंही चुकलेली नाहीत. भातकापणीच्या आधी झिजलेला विळा किंवा ऊसतोडीचा कोयता लोहाराकडे जातो, तेव्हा तो नुसता घासत नाही. तापवून, ठोकून धारेची बाजू पातळ करतो, पुन्हा पाणी देतो आणि मग धार काढतो. एकाच खेपेत सगळं होतं, म्हणून त्या खेपेचं नाव ‘पाणी देऊन आणणं’ पडलं. विळ्या-कोयत्याला ते शोभतं. स्वयंपाकघरातल्या सुरीला तुम्ही फक्त दगड दाखवता, तिथे ‘धार लावली’ एवढंच म्हणावं. दगडावर पाणी शिंपडतात म्हणून ते पाणी देणं होत नाही.

हा फरक तुमच्या हातच्या कामात फार जपायला हवा. पाणी दिल्यावर पातं ठिसूळ असतं, म्हणून ते 200 अंशांच्या आसपास पुन्हा तापवतात. घासून चकचकीत केलेल्या भागावर तेव्हा गवती पिवळा रंग येतो. पुढे मशीनच्या चाकावर धार काढताना कड निळी पडली, तर उष्णता 300 अंशांच्या घरात गेली असं समजा. याला ‘पाणी उतरणं’ म्हणतात. त्या जागी कितीही घासलं तरी धार टिकत नाही; निळा भाग घासून काढावा लागतो, नाहीतर पुन्हा भट्टी पेटवावी लागते. म्हणून चाकावर पातं दर फेरीला पाण्यात बुडवत राहा.

आता बाकीचे शब्द. ‘पाजवणे’ हे पाजण्याच्याच घरातलं दिसतं, पण आज त्याचा अर्थ धार लावणे असाच घेतात. ‘पाजळणे’ मुळात प्रज्वलनाशी जोडलेलं, म्हणून आपण दिवाही पाजळतो. उच्चार जवळचे पडल्यानं शस्त्र पाजळणंही रूढ झालं, आणि मी ते चूक मानणार नाही.

बेळगावात कन्नड शेजाऱ्याकडून ‘साणे’ ऐकाल. तो धारेचा दगड. आपली चंदनाची सहाण आणि ती साणे, दोन्ही संस्कृत ‘शाण’वरून आल्या. कन्नडात घासून धार लावण्याला ‘मसे’ म्हणतात, आणि ‘कत्ति मसेयुवुदु’ म्हणजे एखाद्यावर डूख धरणं. आपलं ‘शस्त्रं पाजळून बसणं’ त्याच्या अगदी जवळचं.

राहिलं ‘परजणे’. तलवार परजली म्हणजे उगारून फिरवली. तिचा धारेशीही संबंध नाही, पाण्याशीही नाही.