जुन्या पोशाखांची डिजिटल प्रदर्शनं: यात करिअर आहे का?

प्रश्न: मुलगी टेक्स्टाइल डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऐतिहासिक पोशाखांची ऑनलाइन प्रदर्शनं मांडायचं काम करायचं म्हणते. आमचे यंत्रमाग आहेत, हे क्षेत्र आम्हाला नवीन. यात पोट भरेल का?
– एक पालक, इचलकरंजी

उत्तर: नमस्कार. या कामाची संग्रहालयांना खरोखर गरज आहे. जुनं कापड उजेड सोसत नाही. रंग उडतो, रेशीम चिरतं आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून दालनात प्रकाश साधारण 50 लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात आणि काही महिन्यांनी वस्त्र पुन्हा पेटीत जातं. बहुतेक संग्रह लोकांना दिसतच नाही. जपानमधल्या क्योटो कॉस्च्यूम इन्स्टिट्यूट या पोशाख-संग्रह संस्थेनं आपले पोशाख डिजिटल रूपात खुले केले ते किती मोलाचं, हे यावरून कळेल. 2017 मध्ये गूगलच्या ‘वुई वेअर कल्चर’ या फॅशनवरच्या ऑनलाइन प्रकल्पात तर 180हून अधिक संस्था एकत्र आल्या.

पण वेबसाइट ही यातली शेवटची पायरी. कॉर्सेटवर (कंबर आवळणाऱ्या अंतर्वस्त्रावर) घालायचा जुना गाऊन आजच्या पुतळ्यावर बसत नाही. पुतळा त्या काळच्या बांध्याप्रमाणे भरून घ्यावा लागतो. मग फोटो, आणि मग नोंद. वीण कोणती, शिवण हाताची की मशिनची, नंतर कुठे उसवून बदललंय? एकाच वस्त्राला प्रत्येकानं वेगळं नाव दिलं तर शोधणाऱ्याला ते सापडणार नाही, म्हणून युरोपातल्या संग्रहालयांचे पोशाख ऑनलाइन एकत्र आणणाऱ्या ‘युरोपियाना फॅशन’नं अनेक भाषांतला समान शब्दसंग्रहच बांधला. नोंद चुकली तर देखणं प्रदर्शनही लोकांची दिशाभूल करतं. इथे तुमच्या लेकीचं पारडं जड आहे. पिक ग्लास (कापडाचे धागे मोजायचं भिंग) लावून धागे मोजणं तिला घरीच शिकता येईल, आणि ते तुम्हीच शिकवा.

पैशांचं स्पष्ट सांगते. कायम जागा कमी, बरंचसं काम प्रकल्पापुरतं कंत्राटी. सुरुवातीची काही वर्षं ओढाताण होईल. घरचा आधार लागेल. पदवीनंतर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. तो विभाग 1952 पासून चालू आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं संग्रहालयांच्या डिजिटल नोंदींसाठी केलेल्या ‘जतन’ प्रणालीचीही तिनं माहिती घ्यावी.

या सुट्टीत तिला घरातल्या आजी-पणजींच्या पाच साड्या निवडायला सांगा. प्रत्येकीची लांबी, पन्हा, काठ, धाग्यांची संख्या, डाग, रफू आणि ती कुणी कधी नेसली, एवढं लिहून फोटो काढू द्या. उन्हाळी प्रशिक्षणासाठी संग्रहालयाकडे अर्ज करताना हीच वही सोबत जोडावी.