रडणं म्हणजे अविश्वास नव्हे

प्रिय,
प्रेमाचा सलाम.

आजीच्या दफनविधीच्या वेळी कुणीतरी तुला म्हणालं, 'ती प्रभूकडे गेली, मग रडायचं कशाला? हा तर अविश्वास झाला.' ते तुला लागलं, आणि लागणारच. पुढे तू विचारलंस की आत्मा देवाजवळ पोहोचल्यावर काम झालंच, तर मग शरीराच्या पुनरुत्थानाचा, म्हणजे मेलेला देह पुन्हा उठण्याचा, आपण एवढा हट्ट का धरतो? मला विचारशील तर या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा १७वा अध्याय काढ. अथेनैमध्ये, म्हणजे ग्रीसच्या अथेन्समध्ये, येशूचा प्रेषित पौल बोलतोय. जग निर्माण करणाऱ्या देवाविषयी तो बोलतो तोवर शहाणी मंडळी ऐकून घेतात. देवानं येशूला 'मेलेल्यांतून उठवलं' म्हटल्याबरोबर काहीजण टर उडवतात. अमर आत्मा त्यांच्यापैकी अनेकांना परिचयाचा होता. देह हा तुरुंग आणि त्यातून सुटका म्हणजे कल्याण, अशी शिकवण प्लेटोपासून चालत आली होती. सुटका झालेला कैदी पुन्हा तुरुंग कशाला मागेल? त्यांचं हसणं त्यांच्या जागी बरोबरच होतं.

करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीतही काहीजण म्हणू लागले होते की मेलेल्यांचं पुनरुत्थान वगैरे नाही. इ. स. ५५च्या सुमारास पौलानं त्यांना लिहिलेल्या पत्राचा (बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र) १५वा अध्याय त्यावरच आहे. तो पळवाट ठेवत नाही. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर तुमचा विश्वास फुकट, तुम्ही अजून पापातच आहात आणि सगळ्या माणसांत आम्हीच जास्त कीव करण्याजोगे, असं तो सरळ लिहितो. त्याच अध्यायात तो मरणाला 'शेवटचा शत्रू' म्हणतो. आपल्याकडच्या सांत्वनाच्या भाषणांत हा शब्द सहसा सापडत नाही. तिथे मरण म्हणजे दार, विसावा, घरी जाणं. ऐकायला गोड, पण अर्धंच. देह हे नुसतं वरचं टरफल असतं, तर मरण मित्रच ठरलं असतं आणि रडणं खरोखर वेडेपणा झाला असता. पण देवानं देह निर्माण केला, त्याला चांगलं म्हटलं. तुझ्या आजीचे हात, तिचा आवाज हे सगळं तीच होती. ते मातीत गेलं हे नुकसान खरंच झालंय.

म्हणून लाजर या आपल्या मेलेल्या मित्राच्या कबरेपाशी येशू रडला. थोड्याच वेळात आपण त्याला हाक मारून बाहेर बोलावणार, हे ठाऊक असूनही रडला. तुला टोकणाऱ्या त्या व्यक्तीनं येशूला काय सांगितलं असतं, कोण जाणे! थेस्सलनीकाच्या लोकांनाही पौल 'दुःख करू नका' एवढंच म्हणत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं करू नका, असं म्हणतो.

आता ही आशा कसली? लाजर परतला तो जुन्याच आयुष्यात, पुन्हा मरण्यासाठी. येशूचं तसं नाही. तो उठल्यावर त्याच्या अनुयायी मग्दालीया मरीयेला तो आधी माळी वाटला, लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊस गावाच्या वाटेवरच्या दोघा शिष्यांनी त्याला ओळखलं नाही. म्हणजे काहीतरी पार बदललं होतं. तरी त्याच शुभवर्तमानात तो शिष्यांदेखत भाजलेला मासा खातो. पौल पेरलेल्या दाण्याचं उदाहरण देतो: उगवतं ते पेरल्यासारखं दिसत नाही, पण असतं त्याच दाण्याचं.

आणि खिळ्यांचे व्रण! मला सगळ्यात जास्त थांबवतात ते हे. कुणी मनानं गोष्ट रचली असती तर विजयी देह निष्कलंक दाखवला असता. इथे संशय घेणाऱ्या थोमा या शिष्याला व्रण दाखवले जातात. जे सोसलं ते पुसलं गेलं नाही, पण त्याची सत्ता संपली. पौल ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो, म्हणजे पुढचं पीक यायचंय. त्या पिकात तुझी आजीही आहे, असं मी मानतो.

पुराव्यांवरून मित्र वाद घालतील. घालू देत. येशूच्या रिकाम्या कबरेच्या पहिल्या साक्षीदार स्त्रिया होत्या, आणि त्या काळात स्त्रियांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं, एवढं त्यांना सांग. शिष्यांनाही त्या बायकांचं बोलणं बरळणं वाटलं होतं. पण वाद जिंकून विश्वास येत नाही. उठलेल्या प्रभूला समोर पाहूनही काहींना संशय वाटला, असं मत्तय आपल्या शुभवर्तमानात लिहून ठेवतो. आणि त्याच घोळक्याला येशू कामाला पाठवतो. तेव्हा तुझा संशय जाईपर्यंत प्रार्थना थांबवून ठेवू नकोस.

या आठवड्यात तो १५वा अध्याय एका बैठकीत वाच आणि शेवटी थांबू नकोस. अध्यायांचे आकडे शेकडो वर्षांनी पडले. पौलाच्या पत्रात सलग मजकूर होता. 'अरे मरणा, तुझा विजय कोठे?' असं गर्जून तो म्हणतो, प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि लगेच पुढचा विषय काढतो तो यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणीचा: दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं.

वाचून झालं की लिही.

तुझा,
काका