वाचकांचे प्रश्न : पोरींची स्कॉलरशिप आणि नावाची कागदं

बारावीनंतर पैशासाठी शिक्षण सोडावं लागलेल्या मुलींबद्दल मागच्या अंकात दोन शब्द लिहिले होते, त्यावर निपाणी, खानापूर, बेळगाव सगळीकडून पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पण ज्यात बऱ्याच जणींचा प्रश्न येतो अशी काही निवडलीत.

प्रश्न : ताई, आई बिड्या वळत्या, वडील वारले. मी औंदा पीयूसी (बारावी) कॉमर्सला ८८ टक्के घेऊन पास झालोय, बीकॉमला नाव घातलंय. मामा म्हणतात पोरीला एवढं शिकवून काय करायचं, फी कुणी भरायची. बिडी कामगारांच्या पोरांना स्कॉलरशिप असत्या म्हणे, ती खरी काय? किती मिळत्या?
— एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : खरी आहे बाळा, आणि त्यात कुणाचे उपकार नाहीत, तुझ्या आईच्या कामावर मिळणारी आहे ती. केंद्राच्या कामगार मंत्रालयाची ही योजना, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा. साध्या डिग्रीला वर्षाला ६,००० रुपये, इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या प्रोफेशनल कोर्सला २५,०००. अटी अशा की आईचं काम किमान ६ महिन्यांचं पाहिजे, घरचं महिन्याचं उत्पन्न १०,००० च्या वर नको आणि आईकडं बिडी कामगाराचं ओळखपत्र पाहिजे.

गाडी अडते ती त्या ओळखपत्रावर. निपाणीत दुपारी कुठल्याही गल्लीत जावा, उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बाई बसलेली असते, पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, हजाराच्या हिशोबानं मजुरी. दिवसभर वळणारी ती, पण कारखान्याचं कामाच्या नोंदीचं पुस्तक सासूच्या नाहीतर जावेच्या नावावर, कारण घरात एक पुस्तक असलं की भागतं असं सगळ्यांना वाटतं. भागत नाही. पोरीच्या अर्जाची वेळ आली की कळतं, आईनं आयुष्यभर काम केलं पण कागदावर ती कामगारच नाही. तुझ्या आईचं कार्ड असलं तर उत्तम, नसलं तर आत्ताच कारखान्यातनं कामाचा दाखला घेऊन बिडी कामगारांच्या सरकारी दवाखान्यात जाऊन चौकशी करा, अर्जाची शेवटची तारीख जवळ आल्यावर पळापळ करून उपयोग नाही.

पण तुझे मार्क बघता लगेच ६,००० वर समाधान मानू नकोस. सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप म्हणून दुसरी आहे, आपापल्या बोर्डात बारावीला वरच्या २० टक्क्यांत जी मुलं येतात त्यांना, घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलं तर मिळते. डिग्रीच्या तिन्ही वर्षांना वर्षाला १२,००० आणि पुढं एम.कॉम. केलंस तर २०,०००. यातल्या निम्म्या जागा मुलींच्या आहेत, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. दुसऱ्या वर्षी चालू ठेवायला ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी लागते, म्हणजे घरकामासाठी कॉलेज बुडवलंस तर पैसे बुडाले, हे मामांनाही सांग. या दोन्ही एकदम घेता येत नाहीत, म्हणून आधी मोठीचा कटऑफ बघ आणि मग ठरव.

आणि दहावी, पीयूसी दोन्ही सरकारी शाळा-कॉलेजातून झाली असेल तर सगळ्यात आधी अझीम प्रेमजी स्कॉलरशिपचा फॉर्म भर. फक्त मुलींसाठी आहे, कर्नाटकात २०२५-२६ पासून आली, डिग्री किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलीला कोर्स संपेपर्यंत वर्षाला ३०,०००. आपल्याकडच्या मराठी पोरींचं मला इथंच वाईट वाटतं. प्राथमिक शाळा सरकारी, पण मराठी हायस्कूल बऱ्याच गावांत संस्थेचं, अनुदानित, आणि ते सरकारीत धरत नाहीत, त्यामुळं गरिबी तेवढीच असून पोरगी बाहेर राहते. हा नियम सैल व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

मामांना एवढंच दाखव की पैशाचा रस्ता आहे. घरी शेत असलं तर शेतकऱ्यांच्या मुलांसाठीची राज्य सरकारची रयत विद्यानिधीसुद्धा बघा, बीकॉमच्या मुलीला ५,५०० आहेत, त्यासाठी शेतकऱ्याचा एफआयडी, म्हणजे सरकारी नोंदणीचा, नंबर लागतो. फक्त एक लक्षात ठेव, स्कॉलरशिप फीच्या तारखेला येत नाही, कधी कधी वर्ष संपत आलं तरी येत नाही. म्हणून अर्जाची पावती जोडून प्रिन्सिपलना लेखी अर्ज दे, हप्ते पाडून मागायचे, तोंडी विनंती कुणाच्या ध्यानात राहत नाही.

प्रश्न : माझं वय ३१. दहावी फर्स्ट क्लास, लगेच लग्न झालं. दोन वर्षांमागं मिस्टर गेले, दोन मुलं आहेत, सासरी राहते. शिकून नोकरी करायची आहे पण दहावीच्या मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. या वयात कोण स्कॉलरशिप देणार?
— एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : ताई, वयाचं मनातनं काढून टाका. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, स्वतः लहानपणी विधवा झालेल्या, मोठेपणी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात जाऊन शिकल्या. त्या काळात लोकांच्या शिव्या खाऊन बायका शिकल्या, तुम्हाला तर कायद्यानं दार उघडं आहे.

तुमच्या दहावीवर सगळ्यात फायद्याचा रस्ता मला पॉलिटेक्निकचा दिसतो. तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि एआयसीटीई म्हणजे टेक्निकल शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती स्कॉलरशिप खास मुली-बायकांसाठी आहे, टेक्निकल डिप्लोमा किंवा डिग्रीच्या पहिल्या वर्षाला मान्यताप्राप्त कॉलेजात प्रवेश असला की अर्ज करता येतो, निवड झाली तर वर्षाला ५०,०००. फक्त दहावीनंतर किती वर्षांचा खंड चालतो ते आधी विचारून घ्या. ते फी, पुस्तकं, कॉम्प्युटर कशालाही वापरता येतात. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि लग्न झालेल्या बाईचं माहेर आणि सासर यातलं ज्याचं उत्पन्न जास्त ते धरतात. तुम्ही सासरी राहताय म्हणून फक्त सासरचा दाखला काढून थांबू नका, दोन्हीकडचे काढून ठेवा. रोज कॉलेजला जाणं मुलांमुळं जमणारच नसेल तर खाजगी विद्यार्थिनी म्हणून पीयूसी देता येते आणि पुढं ओपन युनिव्हर्सिटी आहे, पण मग वर सांगितलेली सेंट्रल सेक्टर मिळत नाही, ती रेग्युलर कोर्सलाच आहे. म्हणून मुलांना सासूबाई किंवा आई सांभाळणार असतील तर रेग्युलरच घ्या असं माझं म्हणणं.

आता नाव. मी बघितलेल्या बायकांच्या अर्जांत सगळ्यात जास्त अडकतं ते इथंच, मार्क कमी पडून नाही. लग्नात नाव बदललं तेव्हा कुणी विचारलं नाही की पोरगी पुढं शिकणार काय, आधार काढणाऱ्या माणसानं जे ऐकलं ते लिहिलं. पोर्टल आधारवरच्या नावानं चालतं आणि कॉलेज मार्कलिस्टवरच्या, त्यामुळं दोन्ही एक झाल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. मार्कलिस्टवरचं नाव पाया धरा, कारण बोर्डाकडचं बदलणं सगळ्यात किचकट. आधार त्याच्याशी जुळवून घ्या, मॅरेज सर्टिफिकेट आणि जुनी शाळेची कागदं बरोबर न्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच, म्हणून सेंटरवाल्यानं टाइप केलेलं स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय सही करू नका. आधार झालं की मग बँक, मग नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत) उत्पन्नाचा दाखला, हा क्रम उलटा केला तर दाखला परत काढावा लागतो. सासरचे म्हणतील नाव कशाला बदलतेस, आमचं नाव नको झालं काय. शांतपणे सांगा, कागदाचं काम आहे, घरातलं नातं तेच राहतंय.

प्रश्न : एसएसपीवर (कर्नाटक सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवर) बहिणीची स्कॉलरशिप 'जमा' दाखवतंय, पण तिच्या खात्यावर एक रुपया नाही. कॉलेजला विचारलं तर बँकेत जावा म्हणतात, बँक म्हणते कॉलेजला विचारा.
— बेळगाव

उत्तर : पैसे बहुतेक दुसऱ्या खात्यात गेलेत. ही रक्कम फॉर्मवर लिहिलेल्या खात्यावर जात नाही, आधारला जे खातं शेवटचं लिंक झालं तिथं जाते. शाळेत असताना काढलेलं, नाहीतर पोस्टात कुणीतरी अंगठा घेऊन उघडलेलं एखादं खातं असणार, आधी ते शोधा. पुढच्या वर्षासाठी तिच्या स्वतःच्या, तिच्याच मोबाइलवर मेसेज येणाऱ्या खात्याला आधार लिंक करून घ्या. भावाच्या किंवा वडिलांच्या नंबरवर नको. आणि पोर्टल कन्नडमध्ये आहे म्हणून सायबर सेंटरवाल्यावर सगळं सोडू नका, त्यात इंग्रजीचा पर्याय आहे, शेजारी बसून भरा आणि दाखल्यावरचा आरडी नंबर स्वतः तपासा.

प्रश्न : मुलीला इंजिनिअरिंगला कोल्हापूरला घालावं म्हणतोय. आम्ही सीमाभागातले, आम्हाला महाराष्ट्रात जागा असतात काय? आणि बसचा पास?
— एक वडील, बेळगाव तालुका

उत्तर : असतात. वादग्रस्त सीमाभागातल्या शाळा-कॉलेजातून दहावी किंवा बारावी केलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळ्या प्रकारात अर्ज करता येतो, त्यासाठी सीईटी द्यावी लागते आणि दोन्ही गोष्टींचे दाखले लागतात. वर सांगितलेली प्रगती तिथंही चालते, कारण ती केंद्राची आहे. बसचं मात्र धरून चालू नका, ११ जून २०२३ पासून बायकांना जो फुकट प्रवास आहे तो कर्नाटकाच्या हद्दीतच, कोल्हापूरचं तिकीट काढावंच लागेल. म्हणून हॉस्टेल आणि जाण्यायेण्याचा खर्च आधी कागदावर मांडा, बेळगावातल्या कॉलेजचा त्याच्या शेजारी मांडा, आणि तो कागद मुलीसमोर ठेवून तिलाच विचारा कुठं जायचंय.